नोकरी शोधायला किती पैसे लागतात? अकोला जिल्ह्यातल्या घरांसाठी एक हिशेब

मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, पातूर, बार्शिटाकळी यांपैकी कुठल्याही तालुक्यातल्या घरात पदवी झालेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्या घरात जून महिना दुहेरी येतो. पेरणीसाठी बियाणं-खताचा पैसा लागतो आणि त्याच सुमाराला क्लासची फी, खोलीचं डिपॉझिट, भरतीचे अर्ज पुढे उभे राहतात. सोयाबीन-कापसाचा पैसा हाती यायला दसरा-दिवाळी उजाडते. मधले महिने उसनवारीवर निघतात. वडील विचारतात, "अजून किती लागतील रे?" मुलाकडे उत्तर नसतं, कारण त्याने हिशेब मांडलेलाच नसतो. शंभर, पाचशे, हजार असे तुकड्यांत पैसे जातात आणि तुकड्यांची बेरीज कुणी करत नाही.

ही बेरीज आधीच करून ठेवता यावी म्हणून हे लिहितो आहे. नोकरीच्या शोधात काही पैसा द्यावाच लागतो. काही वाचवता येतो. काही कुणी कितीही गोड बोलून मागितला तरी द्यायचा नसतो. हे तीन हिशेब वेगवेगळे ठेवले, तर मंदीच्या दिवसांतही घर न मोडता शोध चालू ठेवता येतो.

अर्जांचं शुल्क: वर्षाला नेमके किती?

अलीकडच्या भरत्यांमधले दर पुढे दिले आहेत. नवी जाहिरात आली की तिच्यातला शुल्काचा परिच्छेद पुन्हा वाचून घ्या.

• एमपीएससी गट ब/क संयुक्त पूर्व परीक्षा: खुला प्रवर्ग ३९४ रुपये, मागासवर्गीय, आर्थिक दुर्बल घटक व अनाथ २९४ रुपये. मुख्य परीक्षेचं शुल्क वेगळं.
• तलाठी भरती २०२३: खुला १,०००, राखीव ९००.
• जिल्हा परिषद भरती २०२३: खुला १,०००, राखीव ९००. हे प्रत्येक पदासाठी वेगळं होतं. ग्रामसेवक आणि कनिष्ठ सहायक असे दोन अर्ज केले की दोनदा भरायचं.
• पोलीस शिपाई भरती: खुला ४५०, राखीव ३५०.
• एसएससीच्या परीक्षा: १०० रुपये. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि माजी सैनिकांना माफ.
• यूपीएससी नागरी सेवा पूर्व परीक्षा: १०० रुपये. महिला, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांगांना माफ.
• रेल्वे भरती मंडळ: ५०० रुपये. त्यातले ४०० पहिल्या संगणकीय परीक्षेला हजर राहिल्यावर परत मिळतात. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अल्पसंख्याक, माजी सैनिक आणि आर्थिक मागास यांना २५० रुपये, आणि परीक्षा दिली की बँकेचा आकार वजा जाता सगळे परत.
• आयबीपीएस, म्हणजे सरकारी बँकांची लिपिक आणि अधिकारी पदं: ८५० रुपये. अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांगांना १७५.

आता बेरीज करू. खुल्या प्रवर्गातल्या एखाद्या तरुणाने यूपीएससी सोडून वरचा प्रत्येक अर्ज एकदा केला, तर ४,२९४ रुपये लागतात. रेल्वेचे ४०० परत आले की ३,८९४ उरतात. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला हाच खर्च २,८६९ येतो आणि रेल्वेचे २५० परत मिळाल्यावर २,६१९ होतो.

ओबीसी मुलामुलींनी एक गोष्ट नीट पाहावी. राज्याच्या भरतीत त्यांना सवलतीचं शुल्क असतं, पण एसएससी, रेल्वे आणि आयबीपीएसच्या अर्जात ओबीसी म्हणून शुल्कात सवलत नसते. तिथे वयात आणि जागांत सवलत असते. शुल्काच्या रकान्यात चुकीचा पर्याय निवडला तर अर्ज बाद होण्याची भीती असते.

रेल्वेचे पैसे बँक खात्यात येतात. खातं बंद पडलेलं असेल किंवा अर्जात दुसऱ्याच कुणाचा खातेक्रमांक दिलेला असेल, तर ते अडकतात. खाते क्रमांक आणि आयएफएससी क्रमांक पासबुक समोर ठेवून भरा. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना रेल्वेच्या परीक्षेला जाण्यासाठी स्लीपरचा मोफत प्रवास पास मिळतो. तो हवा असल्याचं अर्जातच नोंदवावं लागतं.

पैशाइतकाच स्पर्धेचाही आकडा समोर असू द्या. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांहून जास्त आले, म्हणजे एका जागेमागे दोनशेहून अधिक. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांच्या वर अर्ज होते, एका जागेमागे साधारण शंभर. म्हणून दिसेल तो अर्ज भरू नका. ज्या परीक्षेचा अभ्यासक्रम तुमच्या तयारीशी जुळतो, असे चार-पाच अर्ज ठरवा आणि त्यांच्यावर जोर द्या.

नेट कॅफेतली शेवटची रात्र

अर्जाची मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी बसस्थानकाजवळच्या कुठल्याही नेट कॅफेत जाऊन पाहा. बाकावर दहा-बारा मुलं असतात, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची फाइल. संगणकावरचा मुलगा एकाच वेळी तीन अर्ज उघडून बसलेला. फोटो वीस ते पन्नास केबीत बसत नाही, सही आडवी आली, ओटीपी येत नाही, सर्व्हर फिरतोच आहे. घाई एवढी, की ईमेलच्या रकान्यात कॅफेवाल्याचाच ईमेल टाकला जातो आणि पासवर्डही त्याच्याच वहीत राहतो. पुढे प्रवेशपत्र त्या ईमेलवर येतं. उमेदवाराला ते कळत नाही आणि हजार रुपये भरलेली परीक्षा हुकते.

यावर उपाय सोपा आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही.

• स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा मोबाइल क्रमांक, हे दोन्ही निवड होईपर्यंत बदलायचे नाहीत.
• फोटो, सही, डाव्या अंगठ्याचा ठसा, हस्तलिखित घोषणापत्र आणि सगळे दाखले एकदाच नीट स्कॅन करून मोबाइलमध्ये आणि ईमेलमध्ये ठेवायचे.
• अर्ज मुदतीच्या किमान पाच दिवस आधी भरायचा. खात्यातून पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक टिपून ठेवा आणि एक-दोन दिवस थांबून स्थिती बघा.
• भरलेला अर्ज आणि शुल्काची पावती, दोन्हींची पीडीएफ जपायची. २०१९ ला जाहीर झालेली जिल्हा परिषद भरती पुढे रद्द झाली आणि उमेदवारांना शुल्क परत करण्याची प्रक्रिया काही वर्षांनी सुरू झाली. तेव्हा ज्याच्याजवळ कागद होता, त्याचं काम सोपं गेलं.

दाखले: थोडे पैसे, पण वेळेत

निवड झाल्यावर कागदपत्रांच्या तपासणीत बाद होणं हे सगळ्यात महाग नुकसान आहे. दोन वर्षांची मेहनत एका तारखेने जाते. अधिवास, जात, जात वैधता, नॉन-क्रीमीलेयर, आर्थिक दुर्बल घटक, यांपैकी जे लागू असेल ते जाहिरात येण्याआधीच काढून ठेवा.

'आपले सरकार' पोर्टलवर यांतले बहुतेक अर्ज स्वतः करता येतात. सेतू किंवा सेवा केंद्रात गेलात, तर तिथे लावलेला दरफलक वाचा, तेवढेच पैसे द्या आणि पावती घ्या. "साहेबाचे वेगळे" असं कुणी म्हणालं, तर ते द्यायचं कारण नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. त्यानुसार प्रत्येक दाखल्याला मुदत ठरलेली आहे आणि मुदत उलटली तर अपील करता येतं.

राज्यात मुद्रांकाची किमान रक्कम १०० वरून ५०० रुपये झाल्यावर विद्यार्थ्यांकडून प्रतिज्ञापत्रासाठी पाचशेचा स्टॅम्प मागितला जाऊ लागला. २०२५ मध्ये महसूल खात्याने स्पष्ट केलं, की जात, उत्पन्न, रहिवास, नॉन-क्रीमीलेयर अशा दाखल्यांसाठी स्टॅम्प पेपर लागत नाही, साध्या कागदावर स्वतः साक्षांकित केलेला अर्ज चालतो. पाचशे रुपये वाचले म्हणजे पोलीस भरतीचा एक अर्ज निघाला.

तारखांकडेही लक्ष असू द्या. आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र आर्थिक वर्षाला बांधलेलं असतं. केंद्राच्या नोकरीसाठी ओबीसीचा नमुना वेगळा असतो, राज्याचा दाखला तिथे चालत नाही. खुल्या प्रवर्गातल्या महिलांना तीस टक्के आरक्षणासाठी नॉन-क्रीमीलेयरची जी अट होती, ती राज्याने २०२३ मध्ये काढली. त्यासाठी आता धावपळ करू नका. खेळाडू किंवा प्रकल्पग्रस्त म्हणून अर्ज करणार असाल, तर पडताळणीला लागणारा वेळ धरून बऱ्याच आधी सुरुवात करा.

क्लास लावायचा का? लावलाच तर पैसे कसे द्यायचे?

अकोल्यात क्लासची कमतरता नाही. त्याआधी फुकट काय मिळतं ते बघा. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्था आपापल्या प्रवर्गातल्या उमेदवारांना एमपीएससी, यूपीएससी, बँक, पोलीस अशा परीक्षांचं प्रशिक्षण मोफत देतात आणि अनेक योजनांत वर विद्यावेतनही असतं. त्यांच्या प्रवेश परीक्षेच्या जाहिरातींवर नजर ठेवा. आपल्याला जवळ म्हणजे अमरावतीला राज्य शासनाचं भारतीय प्रशासकीय सेवा पूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथेही प्रवेश परीक्षेतून जावं लागतं, पण एकदा गेलात की खासगी क्लासचा मोठा खर्च टळतो. बालभारती आणि एनसीईआरटीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत आहेत. एमपीएससीच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका आयोगाच्याच संकेतस्थळावर मिळतात. पोलीस भरतीत मैदानी चाचणीचे ५० गुण आहेत. त्यासाठी पहाटे मैदान गाठावं लागतं, महागडं किट लागत नाही.

एवढं करूनही क्लास हवा असेल, तर चार गोष्टी पाळा.

१. आधी दोन-तीन तास वर्गात बसून बघा, मग ठरवा.
२. पूर्ण वर्षाची फी एकरकमी देऊ नका. शेतकरी घराचा पैसा दिवाळीनंतर येतो हे मोकळेपणाने सांगा आणि हप्ते मागा.
३. पक्की पावती घ्या. फीवर १८ टक्के जीएसटी घेत असतील, तर पावतीवर जीएसटी क्रमांक असलाच पाहिजे.
४. मध्येच सोडलं तर किती परत मिळेल, हे लिहून घ्या. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत, उरलेल्या काळाच्या प्रमाणात फी दहा दिवसांत परत करावी असं म्हटलं आहे. बोलताना हा आधार वापरा.

"शंभर टक्के निवडीची हमी" असा फलक दिसला, तर तिथे फी भरण्याआधी थांबा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये क्लासच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत निवडीची किंवा नोकरीची खोटी हमी देणं वर्ज्य आहे. यशस्वी उमेदवाराचा फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरणंही मना आहे. फलकावरच्या उमेदवाराने तिथे नेमका कोणता कोर्स केला, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. बऱ्याचदा तो फक्त मॉक मुलाखतीला आलेला असतो.

पुण्याची वीस हजारांची नोकरी की अकोल्यातली तेरा हजारांची?

सरकारी भरतीची वाट पाहणारे अनेक जण शेवटी चाकण, रांजणगाव, हिंजवडी किंवा वाळूजची वाट धरतात. जाण्यात वाईट काही नाही, पण हातात आलेलं पत्र ओळीने वाचून जा.

समजा, पत्रावर महिन्याला साडेएकोणीस हजार सीटीसी लिहिलं आहे. बोलताना कंत्राटदार "वीस समजा" म्हणतो. आत बघितलं तर ढोबळ पगार १७,५०० आहे, त्यात मूळ वेतन १२,०००. उरलेले सुमारे दोन हजार म्हणजे मालकाच्या वाट्याचा पीएफ १,४४० आणि ईएसआय ५६९. ते तुमच्या हातात येत नाहीत. मग १७,५०० मधून तुमचा पीएफ १,४४०, तुमचा ईएसआय १३२ आणि व्यवसाय कर २०० जातात. हातात पडतात १५,७२८. मुलगी असेल तर तिला २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, म्हणून १५,९२८.

यातून पुण्यात खोलीचा वाटा ४,५००, मेस ४,०००, बस १,२०० आणि साबण-रिचार्ज-औषध १,५०० असे धरले, तर ११,२०० गेले. उरतात ४,५२८. तुमच्या भागातले दर विचारून हे आकडे बदलून घ्या.

दुसरीकडे अकोल्यात एखाद्या दुकानात किंवा कार्यालयात १३,००० पगार आहे. दहापेक्षा कमी माणसं कामाला असल्यामुळे पीएफ-ईएसआय नाही. व्यवसाय कर जाऊन हातात १२,८००. मूर्तिजापूरहून येण्याजाण्याला १,५००, चहा-फराळाला ८००, वरखर्चाला १,०००. उरतात ९,५००. घरी दोन हजार दिले तरी ७,५०० राहतात. मुलींना एसटीत १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यांचे आणखी वाचतात.

मग पुण्याला जाऊच नये का? असं नाही. पुण्याच्या पत्रात पीएफ आहे, म्हणजे दोघांचे मिळून २,८८० रुपये दरमहा तुमच्या नावावर पीएफ आणि पेन्शनमध्ये जमा होतात. ईएसआयमुळे आईवडिलांच्याही उपचाराचा आधार मिळू शकतो. मुख्य प्रश्न असा, की वर्षभराने हातात नवं काम येणार आहे का. मशीनवर हात बसणार असेल, वेल्डिंग, सीएनसी, टॅली, स्टोअर सांभाळणं असं काही शिकायला मिळणार असेल, तर पहिल्या वर्षी कमी उरलं तरी चालेल. नुसतं पेट्या उचलायचं काम असेल, तर साडेचार हजारांसाठी घर सोडण्याआधी दोनदा विचार करा.

जाणार असाल, तर निघण्यापूर्वी हे विचारून घ्या. पगार कंपनी देणार की कंत्राटदार? पीएफचा यूएएन क्रमांक कधी मिळेल? बारा तासांच्या पाळीत जादा वेळेचे पैसे कसे धरतात? नियुक्तिपत्र हातात मिळेल का? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांत नियुक्तिपत्र देणं बंधनकारक आहे. खिशात किमान दीड महिन्याचा खर्च ठेवा. पहिला पगार पूर्ण महिना भरल्यावर, पुढच्या महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो आणि खोलीचं डिपॉझिट मात्र पहिल्याच दिवशी द्यावं लागतं. या मधल्या दिवसांतच मुलं मोबाइलवरच्या कर्ज ॲपच्या नादी लागतात. वरच्या हिशेबाने दीड महिना म्हणजे सतरा हजार, शिवाय डिपॉझिट. तेवढे जमेपर्यंत अकोल्यातलं काम सोडू नका.

अकोल्यात फुकट मिळणारी मदत

जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र हे जुन्या रोजगार विनिमय केंद्राचं आजचं रूप. इथली आणि महास्वयम पोर्टलवरची नोंदणी मोफत आहे. पंडित दीनदयाल उपाध्याय रोजगार मेळावेही मोफत असतात. मेळाव्याला जाताना बायोडेटाच्या दहा प्रती न्या आणि कंपनीच्या माणसाला पगार, ठिकाण, राहण्याची सोय हे तीनच प्रश्न आधी विचारा. केंद्र सरकारचं राष्ट्रीय करिअर सेवा पोर्टलही नोंदणीला पैसे घेत नाही, त्याची हेल्पलाइन १५१४.

आयटीआय झालेल्यांनी शिकाऊ उमेदवारी सोडू नये. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनुसार किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे ५,००० ते ९,००० रुपये ठरलं. पारसचं औष्णिक वीज केंद्र, एसटी, रेल्वे यांच्या शिकाऊ उमेदवारांच्या जाहिराती बघत राहा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना ठरवले गेले. आधी सहा महिन्यांची असलेली मुदत पुढे अकरा महिने झाली. हे प्रशिक्षण आहे, कायम नोकरीची हमी नाही, हे आधीच मनाशी धरून जा. तरी अनुभवाचं प्रमाणपत्र आणि महिन्याचा पैसा दोन्ही हाती येतात.

नोकरीऐवजी स्वतःचं काही करायचं असेल, तर ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी, राहण्या-जेवणासह मोफत शिकवते. डाळ, तेल, मसाले हा आपल्या जिल्ह्याचा जुना धंदा. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान आहे. चौकशी कृषी विभागात करा. दलालाला पैसे देऊ नका.

हे पैसे कधीच द्यायचे नाहीत

नोकरी देणारा तुम्हाला पगार देतो, तुमच्याकडून पैसे घेत नाही. ही एक ओळ पाठ करा आणि घरातल्या मोठ्यांनाही सांगा.

• नोंदणी, प्रशिक्षण, गणवेश, लॅपटॉप, "रिफंडेबल" डिपॉझिट, यांपैकी काहीही आधी मागणारी कंपनी.
• टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करण्याचे काम. आधी शे-दोनशे रुपये खरोखर मिळतात, मग "मोठा टास्क" म्हणून हजारो भरायला लावतात.
• घरबसल्या डेटा एंट्री. करार करायला लावतात, आठवड्याने "चुका जास्त झाल्या" म्हणून वकिलाची नोटीस पाठवतात आणि दंड मागतात. नोटीस बघून घाबरू नका, पैसे भरू नका, पोलिसांकडे जा.
• "तुमचं बँक खातं वापरू द्या, कमिशन देतो." हा सगळ्यात धोक्याचा. त्या खात्यातून दुसऱ्याच्या फसवणुकीचा पैसा फिरतो आणि गुन्ह्यात नाव तुमचं येतं.
• रेल्वेत टीसी किंवा मंत्रालयात शिपाई म्हणून चिकटवून देतो म्हणणारा ओळखीचा माणूस. नेमणुकीचं पत्र, शिक्का, वैद्यकीय तपासणी, सगळं खोटं उभं करता येतं.
• परदेशातली नोकरी. एजंट ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते पाहा. कायद्याने त्याला ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. पर्यटक व्हिसावर कामाला जाऊ नका.

मूळ गुणपत्रिका, आधार किंवा सही केलेला कोरा चेक कुणाकडेही ठेवू नका. तपासणीला मूळ कागद दाखवायचा, देताना झेरॉक्स द्यायची आणि तिच्यावर कशासाठी दिली ते लिहायचं.

वावर विकून मिळणारी नोकरी

वऱ्हाडात एक खर्च असा आहे, ज्याची पावती कधीच नसते. संस्थेत शिक्षक किंवा शिपाई म्हणून लागायला डोनेशन. त्यासाठी वावर विकलं जातं, बहिणीचं लग्न पुढे ढकललं जातं. मग मान्यता येत नाही, पगार सुरू होत नाही आणि मुलगा विनावेतन वर्षं काढत राहतो. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडीचं, म्हणजे शिक्षकांचा पगार काढण्यासाठी लागणाऱ्या क्रमांकाचं, प्रकरण बाहेर आलं. बोगस नेमणुकांचा तपास झाला, अधिकाऱ्यांना अटक झाली. पैसे देऊन लागलेल्यांच्या डोक्यावर नोकरी आणि पगार दोन्ही जाण्याची टांगती तलवार आली.

शिक्षक व्हायचं असेल, तर टीईटी, मग टेट म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, आणि पवित्र पोर्टल हाच रस्ता आहे. तो लांब आहे, त्यात थांबावं लागतं, हे खरं. पण पवित्रवरून लागलेल्याला पुढे कुणाची भीती नसते. बापाने दिलेलं वावर हे घराचं शेवटचं आधारस्थान आहे. ते तोंडी शब्दावर कुणाच्या हातात देऊ नका, हे मी हात जोडून सांगतो.

फसलात तर पहिल्या तासात काय करायचं?

ऑनलाइन पैसे गेले असतील, तर लाज न बाळगता लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत जाण्याआधी गोठवता आले, तर परत मिळण्याची शक्यता असते. व्यवहार क्रमांक, समोरच्याचा मोबाइल क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, चॅट पुसू नका. मग बँकेला कळवा आणि सायबर पोलिसांत लेखी तक्रार द्या.

क्लास किंवा प्रशिक्षण संस्था फी परत देत नसेल, तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तेवढ्याने भागलं नाही, तर अकोल्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क लागत नाही आणि आपली बाजू स्वतः मांडता येते. पावती, जाहिरातीचा फोटो आणि तुम्ही पाठवलेलं लेखी पत्र, हे तीन कागद तिथे कामाला येतात.

सगळ्यात मोठा खर्च: गेलेलं वर्ष

आता मूळ बेरजेकडे येऊ. वर्षभराच्या अर्जांना चार हजारांच्या आसपास लागतात. पण अकोल्यातली ती १२,८०० हातात देणारी नोकरी न करता घरी बसून एक वर्ष तयारी केली, तर न मिळालेला पगार होतो १,५३,६०० रुपये. पुण्याला खोली घेऊन तयारी केली, तर राहण्या-खाण्याचे लाख-सव्वा लाख आणखी. शुल्क वाढलं की आपण बोलतो, पण घराला खरा भार पडतो तो वर्षांचा.

म्हणून घरात बसून दोन आकडे ठरवा आणि कागदावर लिहा: किती वर्षं आणि एकूण किती रुपये. एक वर्ष पूर्णवेळ, पुढची दोन वर्षं काम सांभाळून, असं काहीही ठरवा, पण ठरवा. प्रत्येक निकालानंतर त्या कागदाकडे बघा. गुण कटऑफच्या जवळ येत असतील तर नेटाने लागा. सलग दोन परीक्षांत ते लांबच राहिले, तर पूर्णवेळ तयारी थांबवून हाताला काम घ्या आणि अभ्यास सकाळ-संध्याकाळवर आणा. काम करत परीक्षा दिल्याने कुणाची पात्रता जात नाही.

आईवडिलांनाही एक सांगणं आहे. निकाल लागला की पहिल्यांदा गुण विचारू नका, हिशेब विचारा. काय भरलं, काय परत आलं, पुढचा अर्ज कोणता. पैशाबद्दल मोकळं बोलणारं घर मुलाला फसव्या माणसापासून वाचवतं, कारण डिपॉझिट मागणारा फोन आला की तो आधी घरीच विचारतो. या आठवड्यात एक वही घ्या, पहिल्या पानावर दाखल्यांच्या तारखा आणि दुसऱ्यावर अर्ज व पावत्या लिहा. रविवारी ती घरातल्या सगळ्यांसमोर वाचा.